जुन्या मोटारीचा धूर काय सांगतो?

१९९४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. वाईला राहणाऱ्या माझ्या एका शिक्षक स्नेह्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली होती. मोटार १९७८ सालची, म्हणजे सोळा वर्षे वापरलेली. सर तिचे चौथे मालक. रंग नवा, गाद्यांच्या खोळी नव्या, पायाखाली नवी रबरी मॅट आणि किंमत शिक्षकाच्या खिशाला झेपेल अशी. पहिल्याच रविवारी सारे कुटुंब पसरणी घाटाने पाचगणीला निघाले. थंडी होती म्हणून काचा वर केलेल्या. अर्धा घाट चढून होतो न होतो तोच मागच्या आसनावरची दोन्ही मुले डोके दुखते, मळमळते म्हणू लागली. "घाट लागला असेल," असे म्हणून आईने त्यांच्या हातावर आल्याची वडी ठेवली. पाचगणीला मोकळ्या हवेत उतरल्यावर तास-दीड तासात मुले खेळायला लागली.

परतीच्या वाटेवर, घाटाचा उतार संपल्यावर सरांनी एक्सलरेटर दाबला आणि आरशात पाहिले, तो मागे निळसर धुराचा लोट! त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. एंजिन गेले तर हजारो रुपयांचा खड्डा पडणार होता. पुढच्या दोन रविवारी सपाट रस्त्याने साताऱ्याला जातानाही मुलांना मळमळले. पण मुलांना गाडी लागणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, म्हणून तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

शेवटी सर गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी एंजिन चालू केले, धूर पाहिला, वास घेतला. मग विचारले, "सर, मागे कोण बसतं?" मुले बसतात आणि त्यांना गाडी लागते, हे ऐकताच त्यांनी मागच्या बाजूची रबरी मॅट उचलली. खालचा पत्रा गंजून त्याला रुपयाएवढे भोक पडले होते. त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरची नळी सांध्याशी फुटली होती. मिस्त्री म्हणाले, "सर, मुलांना गाडी लागत नाही. गाडीचा धूर लागतोय. निळ्या धुराचं मागाहून बघू, आधी हे बुजवू."

डोळ्यांना दिसणारा निळा धूर मिस्त्रींनी बाजूला का ठेवला? आणि न दिसणाऱ्या वायूला एवढे महत्त्व का दिले? याचे उत्तर मिळवायचे तर आधी एंजिनात काय घडते ते पाहायला हवे.

एंजिनाचा श्वासोच्छ्वास

१८७६ साली निकोलाउस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने चार टप्प्यांत चालणारे एंजिन यशस्वी करून दाखवले. आजची बहुतेक पेट्रोल एंजिने त्याच क्रमाने चालतात. पहिल्या टप्प्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खाली जातो आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. दुसऱ्या टप्प्यात तो वर येतो आणि मिश्रण मूळच्या सुमारे आठव्या-दहाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबले जाते. मग प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. मोटार चालते ती या तिसऱ्या टप्प्यामुळे. चौथ्या टप्प्यात दट्ट्या पुन्हा वर येतो आणि जळलेले वायू सायलेन्सरच्या वाटेने बाहेर हाकलतो.

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. ते पूर्णपणे जळाले, तर हायड्रोजनचे पाणी होते आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्यासाठी एक किलो पेट्रोलला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत बोलायचे तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा हवी! त्यातून सव्वादोन ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड आणि जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हे पाणी वाफेच्या रूपात असते, म्हणून सहसा दिसत नाही. कार्बन डायऑक्साइडलाही रंग नाही. तेव्हा निरोगी एंजिनाचा उच्छ्वास दिसताच कामा नये. तो दिसू लागला, की काहीतरी बिघडले असे समजावे. वैद्य नाडी पाहतो तसा मिस्त्री धूर पाहतो.

पृथ्वीप्रदक्षिणेएवढी झीज

एंजिन म्हातारे का होते? थोडे गणित करू. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. चार सिलिंडर मिळून सेकंदाला १०० वेळा! मोटारीने एक किलोमीटर जाताना एंजिनाचे सुमारे २,२०० फेरे होतात असे धरा. मग एक लाख किलोमीटरमध्ये २२ कोटी फेरे झाले. दट्ट्या एका फेऱ्यात साडेसात सेंटिमीटर खाली व तेवढाच वर जातो असे मानले, तर त्याने सिलिंडरच्या भिंतीला घासत कापलेले अंतर ३३,००० किलोमीटर होते. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे. शहरात आणि घाटात खालच्या गिअरमध्ये फेरे आणखी वाढतात. म्हणजे एक लाख किलोमीटर चाललेल्या मोटारीचे दट्टे जागच्या जागी पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले असतात.

एवढे घासूनही धातू टिकतो तो वंगणामुळे. दट्ट्याच्या खोबणीत बसवलेल्या पोलादी किंवा बिडाच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा एक थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच भरते. तेल जुने झाले, कमी पडले किंवा त्यात धूळ गेली, की रिंगा आणि भिंत दोन्ही झिजतात. रिंगांची कामे दोन: वरचा दाब खाली निसटू न देणे आणि खालचे तेल वर चढू न देणे. झिजल्या की दोन्ही कामांत त्या कमी पडतात.

निळा धूर: तेल जळते आहे

वर चढलेले तेल ज्वलनाच्या जागेत गेले की अर्धवट जळते आणि त्याचे अतिशय बारीक थेंब धुराबरोबर बाहेर पडतात. हे थेंब इतके लहान असतात, की ते निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त विखुरतात. आकाश निळे दिसते त्याचेही कारण असेच आहे. तिथे विखुरण्याचे काम हवेचे रेणू करतात. पाण्याचे थेंब त्या मानाने मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून वाफेचा ढग पांढरा दिसतो. काजळी प्रकाश शोषून घेते, म्हणून काळी.

तेल वर येण्याच्या वाटा दोन आहेत. एक झिजलेल्या रिंगांवरून, दुसरी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सैल झालेल्या सीलमधून. कोणती वाट फुटली हे कसे ओळखायचे? सरांच्या मोटारीचा धूर घाट चढताना नव्हता. उतार संपून एक्सलरेटर दाबल्यावर आला होता. उतारावर एक्सलरेटर सोडलेला असतो, हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि दट्टे तर खालीवर होतच असतात. त्यामुळे सिलिंडरमध्ये मोठी निर्वात ओढ निर्माण होते आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचे तेल आत खेचते. मग एक्सलरेटर दाबला की साचलेले तेल एकदम जळते. हे सीलचे लक्षण. चढावर, ओझे ओढताना सतत निळा धूर येत राहिला असता, तर दोष रिंगांचा असण्याचा संभव अधिक.

मिस्त्रींनी नुसत्या तर्कावर भिस्त ठेवली नाही. त्यांनी प्लग काढून त्याच्या भोकाला दाबमापक लावला, एंजिन फिरवले आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब टिपून घेतला. एका सिलिंडरचा दाब थोडा कमी भरला, तेव्हा त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला. दाब वाढला असता, तर गळती रिंगांवाटे होती असे ठरले असते, कारण ओतलेले तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हीच तर प्रयोगशाळेतली पद्धत! या एका चमच्याने सरांचा मोठा खर्च वाचला. एंजिन सगळे उघडावे लागले नाही. वरच्या भागाची दुरुस्ती पुरली.

निळ्या धुराकडे दुर्लक्ष केले तर काय होते? तेल गुपचूप संपत जाते. एके दिवशी ते इतके कमी होते, की मुख्य दांड्याच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही. धातूवर धातू घासतो, तापतो, चिकटतो आणि चालते एंजिन जागीच जाम होते. तेलाची पातळी दाखवणारी पट्टी आठवड्यातून एकदा काढून पाहिली, तर हा अनर्थ टळतो.

काळा धूर आणि काजळ

तुमच्या आजींच्या वेळी घरी काजळ कसे धरत हे त्यांना विचारा. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचे किंवा पितळेचे भांडे धरले, की त्याच्या बुडाला काजळी जमते. ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही, ती थंड होते आणि कार्बन न जळता तसाच उरतो. एंजिनातही पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की हेच घडते. हवेची जाळी धुळीने बुजणे, चोक अडकून राहणे, कार्बोरेटर बिघडणे ही जुन्या मोटारींतील कारणे. नव्या मोटारींत पेट्रोलची फवारणी संगणक ठरवतो. तिथे फवारा गळणे किंवा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडणे हे कारण असू शकते. काळ्या धुराबरोबर पेट्रोलचा खर्च वाढतो, प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी नीट पडत नाही.

पांढरा धूर: दोन प्रकारचा

थंडीत सकाळी एंजिन चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि टोकातून पाणी ठिबकते. यात काही बिघाड नाही. लिटरभर पेट्रोलमागे लिटरभर पाणी तयार होते हे आपण पाहिलेच. एंजिन तापले की वाफ दिसेनाशी होते.

पण एंजिन तापूनही दाट पांढरा धूर येतच राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होऊ लागले, तर मात्र सावध व्हावे. एंजिनाचे डोके आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. ते फुटले की थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरते. गोडसर वास त्या पाण्यात मिसळलेल्या ग्लायकॉलचा. हे पाणी तेलात मिसळले, तर तेल दुधाळ दिसू लागते.

गॅस्केट का फुटते? अनेक एंजिनांत डोके अॅल्युमिनियमचे आणि ठोकळा बिडाचा असतो. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचे डोके १०० अंश सेल्सिअसने तापले, तर ते सुमारे नऊ दशांश मिलिमीटरने वाढते. ठोकळा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतो. नेहमीच्या तापमानाला गॅस्केट ही ओढाताण सोसते. एंजिन अति तापले की डोके वाकते आणि गॅस्केट हार खाते. म्हणून तापमानाचा काटा वर चढला, की गाडी थांबवणे हाच शहाणपणा. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांपेक्षा जास्त तापलेले असते. झाकण निघताच त्याची एकदम वाफ होऊन ते अंगावर उसळते.

न दिसणारा वायू

आता मिस्त्रींना सर्वांत जास्त धास्ती वाटली त्या वायूकडे वळू. हवा थोडी कमी पडली, की कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळत नाहीत. एकावरच भागवावे लागते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याची घनता हवेइतकीच असल्यामुळे तो खाली बसत नाही आणि वर उडून जात नाही; खोलीभर सारखा पसरतो.

आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोचवते. पण कार्बन मोनॉक्साइडविषयी हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट जास्त ओढ असते. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम अभ्यासले. या वायूची सूचना लवकर मिळावी म्हणून ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत असत. ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

समजा, हवेत हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड आहे. हवेत ऑक्सिजन हजारात २१० भाग. म्हणजे ऑक्सिजन २१० पट जास्त. पण ओढही साधारण तेवढीच पट कमी! बरोबरीचा सामना झाला. अशा हवेत काही तास राहिले, तर निम्मे हीमोग्लोबिन निकामी होते. माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो.

हजारात एक भाग जमायला किती वेळ लागतो? ३ मीटर रुंद, ६ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा बंद गॅरेजमध्ये ४५ घनमीटर हवा मावते. एक लिटर क्षमतेचे एंजिन उभ्या गाडीत संथ चालताना मिनिटाला सुमारे १५० लिटर वायू सोडते असे धरू. जुन्या, शुद्धीकरणाची सोय नसलेल्या मोटारींना आपल्याकडील तपासणीत शेकडा ३ पर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. म्हणजे मिनिटाला साडेचार लिटर, दहा मिनिटांत ४५ लिटर. ४५ घनमीटर म्हणजे ४५,००० लिटर. झाला हजारात एक भाग! तपासणीत उत्तीर्ण झालेली मोटारसुद्धा बंद जागेत दहा मिनिटांत एवढे करते. मग बिघडलेलीची काय कथा?

या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि सुस्ती. हुबेहूब गाडी लागण्यासारखी! म्हणूनच एक विज्ञानशिक्षकही फसले. पण एक खूण होती. काचा उघड्या असल्या की मुलांना त्रास होत नसे आणि सपाट, सरळ रस्त्यावरही काचा लावल्या की होत असे. गाडी लागण्याचे मूळ वळणांत आणि हेलकाव्यांत असते. काचांशी त्याचा असा थेट संबंध नसतो.

सायलेन्सर का कुजतो?

सायलेन्सरची नळी बाहेरून चिखलपाण्याने गंजते, तशी आतूनही गंजते. ज्वलनातून निघालेली वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते आणि त्यात वायू विरघळून ते आम्लधर्मी बनते. लांब प्रवासात नळी तापून पाणी उडून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत मात्र ते तसेच राहते. म्हणून कमी चाललेल्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर चांगला असेलच असे समजू नये. आवाज एकाएकी वाढला, गाडीखालून फुसफुस ऐकू आली किंवा आत धुराचा वास आला, तर नळी फुटली असे मानावे. पीयूसीच्या तपासणीवर यात विसंबता येत नाही, कारण ती सायलेन्सरच्या टोकाशी होते. मधल्या भोकातून काय निसटते ते तिला कळत नाही.

पुढे काय बदलले

१ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. यात मधमाशांच्या पोळ्यासारख्या छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. त्यांच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. शिसे या लेपाला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालापासून देशभर तेच मिळू लागले. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींना भारत टप्पा ६ चे कडक निकष लागू झाले.

पण उत्प्रेरकालाही मर्यादा आहेत. तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. जळालेल्या वंगणातील द्रव्ये त्याच्यावर साचतात. ठिणगी चुकून न जळालेले पेट्रोल त्यात जाऊन पेटले, तर पोळे वितळते, वायूंची वाट तुंबते आणि एंजिनाची ताकद जाते. म्हणजे एंजिनाचा आजार सायलेन्सरला लागतो आणि सायलेन्सरचा आजार एंजिनावर उलटतो.

तेव्हा मित्रहो, मोटार नवी असो की जुनी, बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवू नये. उभ्या गाडीत काचा लावून, एंजिन आणि वातानुकूलन चालू ठेवून झोपू नये. डिकी उघडी ठेवून गाडी चालवू नये, कारण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूर आत ओढला जातो. गाडीत दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर काचा उघडून गाडी थांबवावी, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि बरे वाटले नाही तर लगेच रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातील निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे तास-दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र भरवसा ठेवू नका. बहुतेक ऑक्सिमीटरना ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हीमोग्लोबिन सारखेच वाटते.

सरांच्या गाडीचा पत्रा त्याच दिवशी सांधला गेला आणि नळी बदलली. खर्च थोडक्यात भागला. पुढच्या रविवारी काचा लावून पसरणी घाट चढताना मागे दोन्ही मुले भांडत होती, ओरडत होती, गाणी म्हणत होती. सर सांगतात, तो गोंगाट त्यांना कधी नव्हे इतका गोड वाटला. निळा धूर तेव्हा होताच. त्याचा बंदोबस्त दोन महिन्यांनी, पगार साठल्यावर झाला.